आक्षेपाच्या वहीतली एक रिकामी जागा

वॉलॉंगॉंग, ऑगस्टचा शेवटचा रविवार

आधी पारधे सरांच्या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाची क्षमा मागते. हा लेख फेब्रुवारीत द्यायचा होता. ग्रंथाचे काम पाहणाऱ्या नितीनने पाठवलेल्या चार मेल्सपैकी एकाचेही उत्तर मी दिले नाही, आणि इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तो समोरून येताना दिसला तेव्हा मी पार्किंगकडे वळले. मागच्या आठवड्यात त्याने सरळ फोन केला. "मृणाल, सरांबरोबर सगळ्यात जास्त काम तू केलंयस आणि ग्रंथात तुझाच लेख नाही, हे कसं दिसेल? दोन पानं लिही. चांगलं चांगलं लिही, बस. नो वरीज."

मी हो म्हटले. पण 'चांगलं चांगलं' याच शब्दांपाशी मी सहा महिने अडले होते. मी रोजनिशी लिहिते. या सहा महिन्यांत तीही बंद होती. आज दोन्ही एकदमच सुरू करते आहे, म्हणून लेखाच्या डोक्यावर वार आणि गाव आले आहे. ते तसेच राहू द्यावे, ही विनंती.

डॉ. शांतवन पारधे यांना येत्या नोव्हेंबरात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत; त्यानिमित्त त्यांचा सत्कार आहे. इथल्या मराठी मंडळींना ते नाताळात सगळ्यांच्या घरी करंज्या पोहोचवणारे पारधे सर म्हणून माहीत आहेत. त्यांचे विद्यार्थी आज कितीतरी गावांत आणि बेटांवर पाळक आहेत. पाळक म्हणजे चर्चच्या मंडळींची देखभाल करणारा धर्मगुरू. मला मात्र सर भेटले ते कागदांमुळे, आणि मी सांगणार आहे तेही कागदांबद्दलच आहे.

मी सिडनीच्या एका विद्यापीठात अभिलेख विभागात काम करते. जुनी दप्तरे, फायली, वह्या नीट लावून ठेवणे आणि मागेल त्याला दाखवणे, हे माझे काम. सहा वर्षांपूर्वी मला सांगण्यात आले की विद्यापीठाच्या आवारातले धर्मशिक्षणाचे विद्यालय आता आवरते घ्यायचे आहे, तीन खोल्यांवर आले आहे, तर तिथले सगळे दप्तर आपल्या विभागात आणायचे. "तिथे एक रिटायर्ड प्रोफेसर आहेत, किल्ली त्यांच्याकडे असते," एवढीच माहिती मिळाली.

मी गेले तेव्हा एक उंच, सडपातळ गृहस्थ जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. निळे स्वेटर, हातात किल्ल्यांचा जुडगा. माझे नाव ऐकून त्यांनी इंग्रजी सोडले. "पुण्याच्या का? मग आधीच सांगून ठेवतो, चहा केलेला आहे. घेणार का, असं मी विचारत नाही."

ते मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते इथे लिहायलाच हवे. हा माणूस आता मला हळूच देवाकडे वळवणार, अशी शंका मला आली होती. पुढचे तीन महिने मी त्या वाक्याची वाट पाहिली. रोज एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही कागद लावत होतो, आणि रोज मी सावध असायचे. तीन महिन्यांनी एके दुपारी सरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मृणालताई, एक विचारू का? राग मानू नका." मी पेन खाली ठेवले. "शेवग्याच्या शेंगा तुम्ही कुठून आणता?"

ही गोष्ट मी नंतर पुष्कळांना हसत सांगितली. पण माझी शंका शेंगांवर संपली नाही. तिला फक्त दुसरे काहीतरी हवे होते.

त्या विद्यालयाचा इतिहास सर लिहीत होते आणि अजूनही लिहीत आहेत. तो मला त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितला, बराचसा ट्रेनमध्ये. आम्ही दोघेही वॉलॉंगॉंगचे. समुद्राच्या कडेने जाणारी सिडनीची गाडी दोघांचीही. सरांची एक गंमत होती. दप्तराच्या खोलीत ते मला तुम्ही म्हणत आणि फलाटावर पाय ठेवला की तू. "खोलीत तू सरकारी माणूस," ते म्हणत, "इथं आपली पोरगी."

सुरुवातीला ते विद्यालय म्हणजे एक भाड्याचे घर होते. आठवडाभर खाणीत किंवा शेतावर राबणारी आणि रविवारी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लहान लहान देवळांत उपदेश करणारी तरुण मुले तिथे शिकायला येत. त्यांना ग्रीक शिकवायचे, उपदेश कसा लिहायचा ते शिकवायचे, आणि घोडा आजारी पडला तर काय करायचे तेही. पुढे विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात घेतले. तेव्हापासून विद्यार्थ्याला दोन मालक झाले. पदवी विद्यापीठ देणार, नेमणूक चर्च देणार. एकाच मुलाला दोन ठिकाणी पास व्हावे लागे, आणि पुष्कळदा एका ठिकाणी पहिला आलेला दुसऱ्या ठिकाणी राहून जाई. नंतर मेथडिस्ट आणखी दोन पंथांबरोबर एका नव्या चर्चमध्ये मिसळून गेले. पाटीवरचे नाव बदलले, पण आवारातले सगळे त्या जिन्याला अजून 'मेथडिस्ट जिना' म्हणतात. मग स्त्रिया शिकायला येऊ लागल्या, पॅसिफिकमधल्या बेटांवरची मुले येऊ लागली, आणि नगरहून एक तरुण शिक्षक आले. ते म्हणजे पारधे सर.

जुने कागद कसे वाचायचे हे मी पदवीसाठी शिकले होते, असे मला वाटत होते. सरांनी ते पुन्हा शिकवले. "सभेचं कार्यवृत्त लिहिणारा माणूस दमलेला असतो," ते म्हणत. "सगळे घरी जायची वाट बघत असतात आणि हा लिहीत असतो. दमलेला माणूस काय गाळतो, तेवढं बघा." मग ते शाई कुठे बदलली, ओळींतले अंतर कुठे कमी झाले, कोणते नाव दोन सभा आले आणि तिसऱ्या सभेत आले नाही, हे बोटाने दाखवत. छापील गोष्टीवर विश्वास ठेवू नका, आणि माझ्यावरही नको, असे ते सांगत. मी त्यांची ही शिकवण फारच मनावर घेतली.

त्यांची मूल्ये काय होती हे सांगायला टूवूंबाचा एक प्रसंग पुरे आहे. जुन्या काळातल्या एका नामवंत उपदेशकाला विद्यालयाने दोनदा नापास केले होते, असे दप्तरात निघाले. त्यांचा एक नातू टूवूंबाजवळ शेती करतो. आजोबांच्या नावाने तिथे एक सभागृह आहे. सरांनी ही गोष्ट इतिहासात घ्यायचे ठरवले, पण पत्र पाठवायला नकार दिला. "हे असलं पत्रानं सांगायचं नसतं." सर गाडी चालवत नाहीत आणि त्या भागात गाडीशिवाय हलता येत नाही, म्हणून ब्रिस्बेनपर्यंत विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने मी त्यांना घेऊन गेले. त्या शेतकऱ्याने आम्हाला गोठ्यातच गाठले. सरांनी टोपी काढून हातात धरली आणि सगळे सांगितले. तो बुटांकडे बघत म्हणाला, "एवढंच सांगायला एवढ्या लांब आलात, मेट?"

"हो."

"मी पण दोनदा नापास झालो होतो," तो म्हणाला. "घरात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

परतताना गाडीत मी सरांना विचारले, की त्याने हाकलून दिले असते तर? सर म्हणाले, "तर त्यानं माझ्या तोंडावर हाकललं असतं. तेही चाललं असतं."

सरांच्या मनात त्यावेळी असेच जाऊन ठोठवायचे दुसरे एक दार होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्यासाठी आता एका वहीबद्दल सांगावे लागेल.

जुन्या मेथडिस्टांची एक रीत होती. पाळकांच्या वार्षिक सभेत एकेकाचे नाव मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे: या व्यक्तीबद्दल कुणाचा काही आक्षेप? कुणी काही बोलले नाही तर पुढचे नाव. या विद्यालयाने ती रीत आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चालू ठेवली होती, पाटी बदलल्यानंतरही. विद्यार्थी बाहेर बाकावर बसत आणि शिक्षक आत. कुणी आक्षेप घेतलाच तर विद्यार्थ्याला आत बोलवायचे, आणि ज्याचा आक्षेप त्याने तो त्याच्या समोर उभे राहून सांगायचा. माघारी बोललेले काही वहीत चढवायचे नाही, हा नियम. नावापुढे बहुतेक एकच शब्द असे: 'नाही'. पानेच्या पाने 'नाही'. आम्ही तिला आक्षेपाची वही म्हणायला लागलो. अशा सात वह्या यादीत होत्या. पेट्यांत सहाच निघाल्या.

"सातवी माझ्याकडं आहे," सर म्हणाले. "थोडं थांबा."

मी थांबले. एक महिना, मग दोन. आठवण केली की ते "आणतो, आणतो" म्हणत आणि विषय बदलत. एका शनिवारी त्यांच्या घरी गेले होते. पोर्ट केंब्लाच्या बाजूला त्यांचे घर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टीलच्या कारखान्याची धुराडी दिसतात. सुशीलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, थालीपीठ लावत होत्या. मी सहज वहीचा विषय काढला, तर काकू म्हणाल्या, "त्या वहीचं नाव काढू नकोस गं. ती घरात आली की यांना अन्न गोड लागत नाही." सरांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. तेवढे पाहणे मला पुरले. त्या दिवशी घरी येऊन मी रोजनिशीत लिहिले: 'सर काहीतरी लपवत आहेत.'

मग मी सरांनीच शिकवलेल्या पद्धतीने सरांनाच वाचायला घेतले. त्यांच्या इतिहासाच्या कच्च्या मसुद्यात एक वर्ष उडी मारून पुढे गेलेले होते. यादीप्रमाणे त्या वर्षी कार्यवृत्त लिहिणारे होते सर स्वतः, तेव्हा सगळ्यांत तरुण शिक्षक. विद्यालयाच्या ऑफिसात पूर्वी काम केलेल्या ग्लेंडा नावाच्या बाईंना मी कॉफीसाठी बोलावले. त्या शांतवनचे 'शॅन' करतात. "ते वर्ष? ते सेलाचं वर्ष," त्या म्हणाल्या. "टोंगाची मुलगी. वर्गात पहिली. सगळ्यांना नेमणूक मिळाली, तिला नाही. का, ते शॅनला विचार. लिहायला तोच बसला होता."

त्यांनी 'शॅनला विचार' असे सांगितले होते, आणि मी ते विचारले नाही. माझे गणित तोवर सुटले होते: आक्षेप सरांनीच घेतला असणार, आणि वही म्हणूनच घरात आहे. मी माझ्या विभागप्रमुखांना एक मेल लिहिली, गोपनीय म्हणून. तिच्यात एकही खोटे वाक्य नव्हते, हे मी नंतर अनेकदा तपासून पाहिले. 'संस्थेची एक नोंदवही खाजगी ताब्यात असून ती परत मिळण्यास विलंब होत आहे. सदर व्यक्तीचा त्या नोंदीत वैयक्तिक संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' नियमाने माझे बरोबर होते आणि आजही आहे. वही घरी ठेवणे चूकच होते. पण 'शक्यता नाकारता येत नाही' हे शब्द मी ट्रेनमध्ये टाइप केले, आणि पलीकडच्या सीटवर सर डोळे मिटून बसले होते.

दहा दिवसांत त्यांना पत्र गेले. वही ताबडतोब जमा करावी. खोलीची किल्ली आणि प्रवेशाचे कार्ड परत करावे. यापुढे दप्तर पाहायचे असल्यास कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत पाहावे.

ज्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे माझ्या नोकरीच्या आधीपासून होती, ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. जुडग्यातून ती सोडवताना त्यांना वेळ लागला, कारण नखे लहान कापलेली होती. मग त्यांनी कापडी पिशवीतून वही काढली. "पोच द्याल का? तुमच्या सहीची असू द्या." मी पोच लिहिली. त्यांनी ती वाचून, घडी घालून खिशात ठेवली. तक्रार कुणी केली, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि नंतरही कधी विचारले नाही.

"आता उघडा," ते म्हणाले. "कर्मचारी उपस्थित आहे."

मी पान काढले. नऊ नावे होती. आठ नावांपुढे सरांच्या तिरप्या अक्षरात 'नाही'. सहावे नाव सेलाचे. तिच्यापुढे काहीच नव्हते.

"म्हणजे आक्षेप होता?" मी विचारले.

"खोलीत नव्हता. खोलीत सगळे गप्प होते. मी 'नाही' लिहिणार, एवढ्यात आमचे मुख्य म्हणाले, जरा थांब, ओळ मोकळी ठेव. सभा संपली. मग कॉरिडॉरमध्ये होता आक्षेप."

मुख्य आता हयात नाहीत. कॉरिडॉरमध्ये त्यांनी दोघातिघांना सांगितले होते की अमुक गावची मंडळी बेटावरून आलेली बाई पाळक म्हणून स्वीकारणार नाही, उगाच तिलाच त्रास होईल. मग सरांना म्हणाले, तू 'नाही' लिहून टाक, बाकीचे मी बघतो. सरांनी 'नाही' लिहिले नाही, कारण ते खोटे झाले असते. आक्षेपही लिहिला नाही, कारण तो तिच्या समोर घेतलेला नव्हता. जागा तशीच राहिली. सेला बाहेर बाकावर बसून होती. तिला सांगण्यात आले की या वर्षी जागा नाहीत.

"मला तेव्हा वाटलं, मी फार धीट आहे," सर म्हणाले. "मुख्यांचं ऐकलं नाही. रिकामी जागा ठेवली. पण ती रिकामी जागा बाहेर नेऊन तिला कुणी दाखवली? मी तिच्या समोरून छत्री घेऊन गेलो, मृणालताई. तिनं मला गुड आफ्टरनून म्हणलं."

मी तेव्हाही शंका सोडली नव्हती. मी विचारले, "सर, रिकामी जागा ठेवली की मुख्यही फार रागावत नाहीत आणि आपल्यालाही खोटं लिहावं लागत नाही. दोन्हीकडून सुरक्षित. असं तर नव्हतं?"

"तीच शंका मलाही आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, मिटत नाही."

वही घरी का ठेवली, तेही मग कळले. हे प्रकरण इतिहासात घ्यायचेच होते, पण छापण्याआधी ते सेलाला समोर बसून सांगायचे आणि मूळ पान तिच्या हातात द्यायचे, असे त्यांनी ठरवले होते. टूवूंबाच्या वेळी त्यांच्या मनात असलेले दार ते हे. दोन वर्षे ते तिचा पत्ता शोधत होते. ती डार्विनला सापडली. तिथल्या हॉस्पिटलमध्ये ती रुग्णांजवळ बसण्याचे, त्यांना धीर देण्याचे काम करते. तिचे उत्तर नुकतेच आले होते. त्यात एकच वाक्य होते, की वही घेऊन या, मग बोलू.

आणि वही आता विभागात जमा होती. मूळ नोंदवही इमारतीबाहेर जात नाही, असा नियम आहे. सरांनी रीतसर विचारले आणि रीतसर नकार माझ्याच तोंडून मिळाला. ते झेरॉक्स घेऊन, डार्विनच्या त्या जीव नकोसा करणाऱ्या पावसाळी उकाड्यात, एकटे गेले. चौथ्या दिवशी परत आले. फलाटावर भेटले तेव्हा मी विचारले, काय म्हणाली?

"चांगली बोलली. चहा दिला. कागद बराच वेळ बघितला." सरांनी चष्मा पुसला. "मग म्हणाली, झेरॉक्समध्ये रिकामी जागा आणि पुसलेली जागा सारखीच दिसते. तू काही लिहून नंतर खोडलं नाहीस, हे मी कशावरून मानू?"

त्या वेळी ते मला तू म्हणाले की तुम्ही, हे आठवत नाही. गाडी आली आणि आम्ही चढलो.

सेलाने सांगितले होते की मूळ पान पाहिल्याशिवाय ती त्या प्रकरणासाठी एक ओळही लिहून देणार नाही. तिच्या शब्दांशिवाय ते प्रकरण छापायचे नाही, असे सरांनी ठरवले. म्हणून विद्यालय आवरत आले तरी इतिहास अपुरा आहे. मंडळात काही जण म्हणतात की सरांचे वय झाले, आता होत नाही त्यांच्याने. तसे नाही, हे मला सांगायचे आहे. पुस्तक एका पानासाठी थांबले आहे, आणि ते पान तिच्यापर्यंत पोहोचू शकले नाही ते माझ्या एका मेलमुळे.

सरांच्या मायेबद्दल लिहावे, असे नितीनने सुचवले होते. पुष्कळ लिहिता येईल, पण एकच लिहिते. गेल्या वर्षी पुण्याला माझे बाबा गेले. मुलीची परीक्षा होती, तिकीट मिळेना. जाईपर्यंत सगळे उरकले असते, म्हणून गेलेच नाही. संध्याकाळी सर आणि काकू ट्रेनने आणि मग चालत आमच्याकडे आले. काकूंनी पिठले-भात केला. सरांनी प्रार्थना केली नाही, उपदेश केला नाही. बाबांचे नाव विचारले, ते कुठल्या पेठेत राहत, चहा किती गोड घेत, कुणावर चिडत, हे विचारत राहिले. मी उत्तरे देत राहिले आणि रडू आले तेव्हा रडले. ते गेल्यावर माझी मुलगी इरा म्हणाली, "ममा, ही इज सो नाइस. यू वर बीइंग वीअर्ड विथ हिम."

तिचे खरे होते. हे सगळे किल्ली परत मागणाऱ्या त्या पत्रानंतरचे आहे. सरांनी आणलेल्या डब्यावर झाकण लावतानाही माझ्या मनात हेच चालले होते: यांना ठाऊक असेल का? ठाऊक असूनही आले असतील, तर का? मला लाजवायला? चांगुलपणाचा असा हिशेब मांडणारे माझे मन मला आवडत नाही, पण ते तसेच आहे. त्या पोचपावतीवर माझीच सही का मागितली, यावर मी अजून विचार करते. कदाचित त्यात काहीच नसेल. समोर मी होते, म्हणून माझी मागितली असेल.

गौरवग्रंथांचाही मला म्हणूनच संशय येतो. त्यांत प्रत्येक नावापुढे 'आक्षेप: नाही' असेच लिहिलेले असते. सरांबद्दल माझा आक्षेप आहे, तो मी इथे नोंदवते. त्यांनी वही घरी नेली ही चूक केली, आणि सेलासमोरून छत्री घेऊन निघून गेले ही त्याहून मोठी चूक केली. पहिली त्यांनी कबूल केली आहे आणि दुसरी ते आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावानिशी छापणार आहेत. आपण ज्या पानावर लिहायला बसलो होतो तिथे आपण काय गाळले, हे इतक्या वर्षांनी शोधायला निघालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या आदराला एवढे कारण पुरते, आणि ते सांगताना मला कुठेही आवाज चढवावा लागत नाही.

आता माझ्या गप्प राहण्याचे कारण. फेब्रुवारीत हा लेख अर्धा झाला होता. त्यात वरचे काहीच नव्हते, शेवग्याच्या शेंगा होत्या आणि टूवूंबा होते. तेवढ्यात सेलाचे पत्र आमच्या विभागाला आले. नोव्हेंबरात तिच्या भाचीचे लग्न सिडनीला आहे, त्या आठवड्यात ती मूळ वही पाहायला येईल. सरांनाही तिने कळवले आहे. सर त्या दिवशी येणार आहेत. त्यांच्या सत्काराच्या दोन दिवस आधी. वाचनकक्षात वही आणून तिच्यासमोर ठेवण्याची ड्युटी माझी आहे. ती पान उजेडात धरेल, तिरके करून पाहील, खोडल्याच्या खुणा शोधेल. तिला त्या सापडणार नाहीत. मी भिंगाखाली पाहिले आहे. मग ती मान वर करून विचारेल की ही वही यांना डार्विनला का आणता आली नाही. तिला विचारायचा हक्क आहे, आणि मी उत्तर देणार आहे. पण ते उत्तर सरांनी सेलाबरोबर, टेबलाच्या पलीकडे बसून, पहिल्यांदा ऐकावे, हे मला मान्य नाही. या ग्रंथात छापून आलेले वाचावे, हेही नाही. तसे झाले तर मी पुन्हा एकदा कॉरिडॉरमध्ये बोलल्यासारखे होईल.

पारधे सरांना उदंड आयुष्य मिळावे. गुडघे साथ देवोत, चष्म्याचा नंबर आहे तिथेच थांबो, काकूंच्या थालीपिठाची चव तशीच लागत राहो. ते पान भरल्यानंतर पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने बंद करावे, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मला फलाटावर तू म्हणावे. यातली शेवटची गोष्ट मागण्याचा हक्क मला उरतो की नाही, ते अजून ठरायचे आहे.

नितीन, लेख तयार आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत तुला पाठवणार नाही.

उद्याचे काम: सकाळी कामाला जाण्याआधी सरांच्या घरी जाऊन हा लेख त्यांना समोर बसून वाचून दाखवणे.